सारंगखेड्याला घोडे एवढे, मग खान्देशात खेचर का नाही?

तापीकाठचा

दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन आलो. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं आणि पाय आपोआप घोडेबाजाराकडे वळले. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, सगळे होते. व्यापारी भोवरे दाखवतोय, गिऱ्हाईक ओठ वर करून दात बघतंय, देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे की नाही यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आलेत, पंचकल्याणी घोड्याभोवती मोबाइलवाल्यांचं कोंडाळं. या सगळ्यात एका दावणीच्या टोकाला दोन खेचरं उभी होती. उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याची. विकायला नव्हती, सामान वाहायला होती. पोरं विचारत होती, "हे घोडं का गाढव?" तेवढ्यात त्यातल्या एकाने तोंड उघडलं. सुरुवात खिंकाळण्याने झाली आणि शेवट सरळ रेकण्यात. पोरं हसून लोळायची बाकी राहिली.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. सुरत ते बुऱ्हाणपूर हा एकेकाळचा गजबजलेला व्यापारी रस्ता आपल्या नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरून जायचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, म्हणजे घाट चढायला जनावर लागणारच. घोड्यांची एवढी मोठी यात्रा भरते, म्हणजे घोड्या आहेत. गाढवं तर कुंभारवाड्यात होतीच. तरी खेचर आपल्याकडे रुजलं का नाही? म्हणी आठवून पाहा: गाढवाला गुळाची चव काय, वरातीमागून घोडं, घोडामैदान जवळच आहे, गाढवही गेलं नि ब्रह्मचर्यही गेलं. खेचरावर एक तरी म्हण सांगा बरं.

जाणकारांनी भर घालावी. कथा, इतिहास, ऐकीव माहिती, काहीही चालेल. ऐकीव असेल तर तसं लिहा म्हणजे झालं.

शिरपूरकर

वाचनखूण साठवली. जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो, सवडीने लिहीन.

गुरांचा डॉक्टर

आधी जनावर समजून घेऊ, लोककथा मग.

गाढव बाप आणि घोडी आई यांचं पिल्लू म्हणजे खेचर. उलट, घोडा बाप आणि गाढवीण आई असेल तर त्याला हिनी म्हणतात. हिनी सहसा अंगाने लहान, आणि त्या संकरात गर्भही कमी राहतो, म्हणून जगभर माणसाने खेचरच पैदा केलं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. ही विषम संख्या जोड्यांत नीट बसत नाही, म्हणून बीज तयार होताना गाडी अडते आणि खेचर वांझ राहतं. नराला कामेच्छा असतेच, त्यामुळे त्याला खच्ची करावं लागतं, नाहीतर आवरत नाही. माजावर येणारी मादीही असते. क्वचित एखादी मादी वितेसुद्धा. मोरोक्कोत २००२ मध्ये आणि अमेरिकेतल्या कोलोराडोत २००७ मध्ये अशा नोंदी झाल्या आहेत.

खूर घोड्यापेक्षा अरुंद, उभा आणि टणक. चारा कमी लागतो, निकृष्ट चाऱ्यावरही भागतं. घोडं धान्याच्या पोत्याशी सुटलं तर पोट फुगेस्तोवर खातं आणि मग आम्हाला रात्री फोन येतो. खेचर सहसा तसं करत नाही, बेताने खाऊन बाजूला होतं. आणि हट्टीपणाबद्दल म्हणाल तर घोडं बिचकलं की उधळतं, खेचर बिचकलं की जागच्या जागी उभं राहतं. पायाखालची वाट खात्रीची वाटेपर्यंत पाऊल टाकत नाही. चाबूक हातात असलेल्याला तो हट्ट वाटतो.

ग्रंथकीटक

डॉक्टरसाहेबांनी गुणसूत्रं सांगितली, आता ऐतरेय ब्राह्मणातलं कारण ऐका. देवांची शर्यत लागली. अग्नी खेचरींच्या रथातून धावला, उषा तांबूस गाईंच्या, इंद्र घोड्यांच्या आणि अश्विनीकुमार गाढवांच्या. अग्नी हाकता हाकता खेचरींची योनी भाजून निघाली, म्हणून त्या वीत नाहीत. शर्यत कोणी जिंकली? गाढवांच्या रथाने! पण त्या धावेत गाढवाचा वेग गेला, दूध आटलं. बीजाची ताकद तेवढी शाबूत राहिली, म्हणून ते 'द्विरेता', म्हणजे दोन प्रकारचं बीज असलेलं. गाढव घोडीलाही फळतं नि गाढविणीलाही, हे त्या लोकांनी नीट पाहिलं होतं, आणि खेचर वांझ का याचं उत्तर त्यांना हवं होतं. हजारो वर्षांपूर्वी गोठ्यात उभं राहून कुणीतरी हा प्रश्न विचारला असणार, त्याशिवाय अशी कथा जन्मत नाही.

छांदोग्य उपनिषदातही खेचर आहे. जानश्रुती राजा ज्ञान मागायला रैक्वाकडे जातो. हा रैक्व गाड्याखाली बसून खरूज खाजवतोय. राजा त्याच्यापुढे सहाशे गाई, सोन्याचा हार आणि खेचरी जोडलेला रथ ठेवतो. रैक्व म्हणतो, घेऊन जा तुझ्याजवळच. म्हणजे त्या काळी खेचरांचा रथ हा राजाने भेट द्यावा असा ऐवज होता. आज कुणाच्या लग्नात आहेरात खेचर दिलं तर काय होईल, कल्पना करा.

पंचतंत्रात मात्र ती अपशकुनी आहे:

सकृद् दुष्टं च यो मित्रं पुनः संधातुमिच्छति ।
स मृत्युमुपगृह्णाति गर्भमश्वतरी यथा ॥

एकदा बिघडलेल्या मित्राशी जो पुन्हा जुळवू पाहतो, तो मरणच ओढवून घेतो, जशी खेचरी गर्भ धरून. हीच उपमा पाली ग्रंथांत देवदत्ताच्या, म्हणजे बुद्धाशी वैर धरणाऱ्या त्याच्या चुलतभावाच्या, संदर्भात येते: सत्कार नीच माणसाला मारतो, जसा गर्भ खेचरीला. आणि त्याच परंपरेत धम्मपद म्हणतं, 'वरमस्सतरा दन्ता', शिकवलेली खेचरं उत्तम. उत्तम जनावर, पण वंश वाढवायला गेलं की मरतं. दोन्ही समजुती शेजारी शेजारी नांदत होत्या.

अहिराणी माय

भाऊ, तुमन्या पोथ्या र्‍हाऊ द्या. आमना गावमा खच्चर कोनीच पाळे नही, कारण सोपं शे. बैल सेतमा बी चालस आन गाडीले बी चालस. गाय वासरू देस. खच्चर काय देस? :)

(ज्यांना अहिराणी कळत नाही त्यांच्यासाठी: बैल शेतात नि गाडीला दोन्हीकडे चालतो, गाय वासरू देते, खेचर काय देणार?)

माझ्या सासरी, अमळनेर तालुक्यात, घरात किती दावणी यावर सोयरीक ठरायची. दावणीला जे वाढतं तेच धन. पोळ्याला बैलाची पूजा, दसऱ्याला घोड्याची. गाढवाचासुद्धा मान आहे, शीतलादेवीचं वाहन ना ते! खेचराला अख्ख्या वर्षात एक सण नाही. मेलं की संपलं, पुन्हा विकत आणा.

तापीकाठचा

@अहिराणी माय, जे बात! पण मग हिमाचल, उत्तराखंडातल्या शेतकऱ्यालाही हेच लागू पडायला हवं. तिथे ठायी ठायी खेचरं आहेत.

बुऱ्हाणपूरचा पाहुणा

आमचं बुऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खान्देशाची राजधानी, त्यामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे असं समजतो.

अबुल फजल हा अकबराचा चरित्रकार सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो दख्खनच्या मोहिमेवर आला होता आणि असीरगडाच्या वेढ्यात होता हे कमी जणांना माहीत असतं. गड १६०१ मध्ये पडला, खान्देशच्या फारुकी सुलतानांचं राज्य बुडालं आणि शहजादा दानियालच्या नावावरून खान्देशाचं दानदेश झालं. याच अबुल फजलने आईन-इ-अकबरीत शाही हत्ती, घोडे, उंट यांच्यासोबत खेचरांच्या पागेवर वेगळं प्रकरण लिहिलंय. म्हणतो, खेचरात घोड्याची ताकद आणि गाढवाची सोशिकता असते. घोड्याइतकी अक्कल नसली तरी गाढवाचा मठ्ठपणाही नसतो. आणि एकदा चाललेली वाट ते कधी विसरत नाही. चांगली खेचरं पखली भागात निपजतात (हा भाग आता पाकिस्तानात, हजारा-मानसेहराकडे), काही इराक-इराणहून येतात, आणि उत्तम खेचराला हजार रुपयेसुद्धा पडतात. त्या काळचे हजार!

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या वाक्याची. साधे लोक खेचराला गाढवच समजत आणि त्यावर बसणं कमीपणाचं मानत, पण बादशहांनी लक्ष घातल्यापासून तो तिटकारा उरला नाही, असं तो लिहितो. दरबारी माणूस, असं लिहिणारच. तिटकारा गेला असेल तर आग्र्यात. तापीच्या अलीकडे तो चारशे वर्षांनीही शाबूत आहे, वर धागाकर्त्याने पोरांचं सांगितलंच आहे.

शिरपूरकर

रुमाल उचलतो.

खान्देशात ओझं कोण वाहायचं हे पाहिलं तर अर्धं उत्तर मिळतं. ओझं वाहायचे लमाण, म्हणजे बंजारे, आणि त्यांचं जनावर बैल. सतराव्या शतकात याच सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्याने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए या तांड्यांचं वर्णन करतो. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल, कुणाकडे धान्य, कुणाकडे मीठ. अरुंद वाटेत समोरून तांडा आला की तो सगळा जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागायचं. (अवांतर: याच प्रवाशाने नवापूरच्या तांदळाची तारीफ केलीय, बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास. नवापूरकरांनी कॉलर ताठ करावी.)

आता हिशेब पाहा. लमाणाचा बैल वाटेत चरत जातो. त्याला नाल ठोकली तर ठोकली. गाय वाटेत विते, वासरू तांड्याबरोबर वाढतं. म्हणजे वाहतूक आणि पैदास एकाच तांड्यात. खेचराच्या तांड्याला हे जमत नाही. प्रत्येक खेचरामागे कुठेतरी एक घोडी वर्षभर गुंतते, शिवाय उंच, तगडा गाढव-नर लागतो. आपल्या कुंभाराचं गाढव कमरेएवढं, ते घोडीला कसं पुरणार? चांगली घोडी असलेला माणूस तिला घोडाच दाखवणार, कारण शिंगरू विकलं तर सारंगखेड्यात पैसे. खेचर विकलं तर हमालीचा भाव.

सैन्याचंही तेच. मराठ्यांचं सामान तट्टांवर आणि बैलांवर. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजा दख्खनमध्ये लढत होत्या आणि कर्नल स्टीव्हन्सनने ऑक्टोबरात बुऱ्हाणपूर-असीरगड घेतलं, तेव्हाही तोफा बैलांनीच ओढल्या. वेलस्लीच्या पत्रांतून बैलांची काळजी काही संपत नाही.

मग १८६० च्या दशकात भुसावळला रेल्वे आली आणि बैलांचे तांडेच बसले. खेचराची पाळी येण्याआधीच खेळ आटोपला.

ग्रंथकीटक

शिरपूरकर, मुद्दा पटला. हिमालयात बैलाला लादता येत नाही अशा चिंचोळ्या दगडी वाटा आहेत, रेल्वे नाही, आणि खालच्या मैदानात घोड्या भरपूर. शिवाय फौजेची मागणी. आपल्याकडे यातलं काहीच एकत्र आलं नाही.

पाचोऱ्याचा फौजी-पुतण्या

फौजेचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझे एक काका आर्मी सर्व्हिस कोअरच्या एटी कंपनीत होते. एटी म्हणजे अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट. गावात कुणी विचारलं, फौजेत काय करता, तर म्हणायचे 'ड्रायव्हर'. लोकांना वाटायचं ट्रक. ते खेचरं हाकायचे. कागदावर हुद्दाही ड्रायव्हरच!

त्यांच्याकडून ऐकलेलं: प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो, माणसाला असतो तसा. सकाळी आधी जनावराला खरारा, पाणी, तोबरा, मग स्वतःचा चहा. पाणी आधी, दाणा नंतर, हा क्रम चुकला तर हवालदार सोडत नसे. पलाण चढवताना दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर खेचर चालतच नाही, उभं राहून मान वळवून बघतं. आणि तंग आवळताना ते पोट फुगवून धरतं, म्हणजे नंतर ढिला पडावा. काका गुडघा लावून थांबायचे, श्वास सोडला की झटक्यात एक भोक पुढे. "ते मला फसवतं, मी त्याला फसवतो" असं म्हणायचे. घोडीमागे खेचरं वेड्यासारखी जातात, हेही त्यांनी सांगितलं. पुढे गळ्यात घंटी बांधलेली घोडी ठेवली की मागची रांग न बांधता येते. आई घोडी ना!

आता इतिहास. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून के-६ नावाची तुकडी फ्रान्सला गेली, चार खेचर कंपन्या, बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. त्या थंडीत बर्फावर इंग्रजांच्या मोटारी अडायच्या तिथे ही खेचरं चालायची. १९४० मध्ये डंकर्कहून माणसं निघाली, खेचरं मागे सोडावी लागली. एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली. डंकर्क म्हटलं की हे कुणाला आठवत नाही.

त्याच महायुद्धात ब्रह्मदेशात चिंडिट, म्हणजे जंगलात घुसून लढणाऱ्या इंग्रजी फौजेच्या तुकड्यांबरोबर खेचरं जपान्यांच्या पिछाडीला गेली. रेकण्याने ठावठिकाणा कळू नये म्हणून भूल देऊन त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करत. हे काका सांगायचे तेव्हा आवाज खाली यायचा.

आणि आपली पेडोंगी, आपल्या फौजेतली खेचरी. १९७१ च्या युद्धात पाकिस्तान्यांच्या हाती लागली, आणि पाठीवरच्या मशिनगनसकट परत आपल्या हद्दीत चालत आली. १९९२ मध्ये दिल्लीत तिच्या पाठीवर निळी मखमल घालून तिचा सन्मान केला. 'एकदा चाललेली वाट विसरत नाही' असं तो अबुल फजल उगाच नाही म्हणाला.

बुऱ्हाणपूरचा पाहुणा

पेडोंगीला सलाम. असीरगडाच्या वेढ्याच्या वेळी अशी खेचरं आली असतील का हा विचार डोक्यात आला, पण त्याला पुरावा हवा, नुसता विचार चालणार नाही.

चाळीसगाव एक्स्प्रेस

मी फक्त हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराची गोष्ट सांगायला आलोय. इराणी बादशहा दारियसने बाबिलोनला वेढा घातला. महिन्यांमागून महिने गेले, शहर पडेना. तटावरून एक बाबिलोनी खिजवायचा: "खेचरी विल्या की घ्याल आमचं शहर!" विसाव्या महिन्यात झोपायरस नावाच्या सरदाराची खेचरी खरोखरच व्याली. त्याने तो शकुन मानला आणि काय केलं? स्वतःचं नाक-कान कापले, अंगावर फटके मारून घेतले, बाबिलोनमध्ये जाऊन रडला की राजाने माझी ही गत केली. त्यांनी विश्वास ठेवला, त्याला सेनापती केलं, आणि त्याने आतून दारं उघडली.

त्याच हेरोडोटसमध्ये लिडियाचा राजा क्रीसस याला देववाणी मिळते की मीडांच्या (इराणातले जुने लोक) गादीवर खेचर बसलं की पळ काढ. तो निर्धास्त राहतो, खेचर कसलं राजा होतंय! निघाला कुरुश, म्हणजे सायरस. आई मीड राजकन्या, बाप सामान्य पर्शियन. खेचर तोच.

रोमन लोकही खेचरी व्याली की अपशकुन म्हणून नोंद करायचे. डॉक्टरांनी मोरोक्कोचं सांगितलं, तिथेही म्हणे गावकरी घाबरले होते की जग बुडतंय.

गुरांचा डॉक्टर

@चाळीसगाव एक्स्प्रेस, जग बुडालं नाही, पण खेचरं मात्र बुडत चालली आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात मिळून सुमारे ८४ हजार खेचरं, २०१२ मध्ये ती १ लाख ९६ हजार होती. गाढवांचं तर याहून वाईट, ३ लाख २० हजारांवरून १ लाख २० हजारांवर. वीटभट्ट्यांवर टेम्पो-ट्रॅक्टर आले, डोंगरात रस्ते झाले. हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात उंच जातीच्या गाढवाचं वीर्य वापरून कृत्रिम रेतनाने चांगली खेचरं तयार करण्याचं काम चालतं, पण ते डोंगराळ भाग आणि फौज डोळ्यांपुढे ठेवून.

रावेरचा केळीवाला

सगळा धागा वाचला, भारी चाललंय. माझा प्रश्न साधा आहे. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो. केळीचे घड बांधापासून रस्त्यापर्यंत मजूर डोक्यावरून काढतात, आणि मजूर मिळत नाहीत. एखादं खेचर घेतलं तर जमेल का? चेष्टा करत नाहीये.

गुरांचा डॉक्टर

@रावेरचा केळीवाला, चेष्टा नाही म्हणताय तर नीट सांगतो.

एक, वजन. फौजेत जुना हिशेब दोन मणांचा, म्हणजे साधारण ७२ किलो पाठीवर. घड वीस-पंचवीस किलोचा धरला तर एका फेरीला तीन, पण ते दोन्ही बाजूंना सारखे बसायला हवेत, म्हणजे धड दोन किंवा धड चार. चार जड होतात. दोन, चालताना घड पलाणावर घासला तर साल काळी पडते, आणि काळ्या सालीला व्यापारी काय भाव देतो ते मी तुम्हाला सांगायला नको. गाद्या घालून पेट्या कराव्या लागतील. तीन, काळ्या चिखलात त्याचा अरुंद खूर बैलाच्या दुभंगलेल्या खुरापेक्षा खोल जातो. ते दगडाचं जनावर आहे, चिखलाचं नाही. सातपुड्याच्या वरच्या पाड्यांवर मी तुम्हाला हो म्हटलं असतं.

चार, आणायचं झालं तर उत्तर प्रदेशाकडून आणावं लागेल. ग्लँडर्सची रक्ततपासणी केल्याशिवाय गाडीत चढवू नका. तो रोग माणसालाही होतो, आणि जनावर बाधित निघालं तर शासन ते मारून टाकतं. पाच, नाल ठोकणारा तुमच्या पंचक्रोशीत आहे का? वरातीच्या घोड्यांचा नालबंद चालेल, पण खेचराची नाल अरुंद, तो आधी कुरकुर करेल.

रावेरचा केळीवाला

नालबंद भुसावळला एक आहे, पण लग्नसराईत फोन उचलत नाही. राहू द्या मग. बैलजोडी अजून दावणीला आहे, तिलाच फळीची घसरण करून लावून बघतो.

अहिराणी माय

मी काय सांगी र्‍हायनू व्हतू? :)